शिकार, संयम आणि आपली मुले



डोंगराच्या कुशीतील पिशोरसारख्या गावात इमामाला जे मसले विचारले जातात, त्यांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो : हरणाचे मांस हलाल आहे का? विचारणारे बहुधा सतरा ते पंचवीस वर्षांचे असतात. उत्तर एका शब्दाचे आहे. हरीण हलाल प्राण्यांपैकी आहे. परंतु तेवढे सांगून त्या मुलाला परत पाठविणे हे त्याच्याशी प्रामाणिकपणाचे होणार नाही. कारण त्याच्या मनातला खरा प्रश्न वेगळा असतो : मित्र रात्री शिकारीला बोलावत आहेत, जाऊ का? त्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात मावत नाही, आणि ते देण्याची जबाबदारी एकट्या इमामाची नाही. ती बापाची आहे, चुलत्याची आहे, मोहल्ल्यातील प्रत्येक जाणत्या माणसाची आहे.

परवानगी आणि तिच्या अटी

सूरह अल्-माइदाच्या चौथ्या आयतीत शिकवून तयार केलेल्या शिकारी प्राण्यांनी आपल्यासाठी धरून ठेवलेली शिकार खाण्याची अनुमती आहे. सोबत अल्लाहचे नाव घेण्याची आज्ञा आहे आणि अल्लाहचे भय बाळगण्याची ताकीदही आहे. हजरत अदी बिन हातिम (रजि.) यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांना याविषयी विचारले, तेव्हा मिळालेल्या उत्तराचा आशय असा : कुत्र्याने त्या शिकारीतून स्वतः खाल्ले असेल तर तुम्ही खाऊ नका, कारण त्याने ती स्वतःसाठी धरली, आणि तुमच्या कुत्र्याबरोबर दुसरा अनोळखी कुत्रा आढळला, तरीही खाऊ नका, कारण नाव तुम्ही आपल्या कुत्र्यावर घेतले होते. हनफी फिक्हच्या ग्रंथांत कुत्रा शिकलेला कधी मानावा याचे मापही दिले आहे. तीन वेळा शिकार धरूनही त्याने तिला तोंड लावले नाही, तर तो शिकलेला.

यावर थोडे थांबून विचार करावा. भूक लागलेली आहे, भक्ष्य दातांत आहे, तरीही मालक येईपर्यंत थांबायचे, हे त्या प्राण्याचे शिक्षण. कुत्र्याच्या शिकारीसाठीसुद्धा शरिअतने अगोदर संयमाची अट घातली. मग ज्या मुलाच्या हाती आपण मोटारसायकल, बॅटरी आणि सारी रात्र सोपवितो, त्याला आपण काय शिकविले आहे?

त्याच सूरहची तिसरी आयत मरून पडलेले, गळा आवळून मेलेले, आघाताने मेलेले, उंचावरून पडून मेलेले आणि हिंस्र प्राण्याने खाल्लेले जनावर हराम ठरविते. जिवंत सापडून जबह झाले तरच अपवाद. आता आपल्याकडच्या चोरट्या शिकारीच्या रीती आठवा. तारेचा फास, कुंपणात सोडलेला विजेचा प्रवाह, गाडीची धडक, काठ्यांचा मार, विहिरीकडे हाकलणे, न शिकविलेली कुत्री सोडणे. यांत मेलेले जनावर या यादीतच बसते. बंदुकीच्या गोळीने जबह होण्यापूर्वीच मेलेले जनावरही आपल्या बहुतेक हनफी उलमांच्या मते हलाल नाही. म्हणजे ‘हरीण हलाल आहे’ एवढ्या आधारावर निघालेला तरुण पहाटे घरी जे आणतो, ते पुष्कळदा हराम असते.

केवळ मौज म्हणून

हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) एकदा वाटेने जात असताना त्यांना कुरैशची काही तरुण मुले दिसली. त्यांनी एक पक्षी बांधून ठेवला होता आणि त्याच्यावर नेमबाजी चालविली होती. चुकलेला प्रत्येक बाण पक्ष्याच्या मालकाला द्यायचा, असा सौदाही ठरला होता. त्यांना येताना पाहून मुले पांगली. सजीवाला निशाणा बनविणाऱ्यावर प्रेषितांनी (स.) लानत केली आहे, असे हजरत इब्ने उमर (रजि.) यांनी तेथेच बजावले. ही हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. पाहण्यासारखे हे, की ते मुलांना टाळून पुढे गेले नाहीत. ती मुले त्यांच्या घरातली नव्हती, तरीही थांबून बोलणे त्यांनी आपले कर्तव्य मानले. आज त्या सौद्याची जागा मोबाइलवरील चित्रफितीने घेतली आहे. जनावर बदलले, हत्यार बदलले. मौज तीच राहिली.

करार पाळा

सूरह अल्-माइदाचा आरंभ ईमानधारकांना करार पूर्ण करण्याच्या आज्ञेने होतो, आणि त्याच पहिल्या आयतीत एहरामच्या अवस्थेत शिकार हलाल न मानण्याचा उल्लेख आहे. करार आणि शिकार एकाच आयतीत यावेत, यात आपल्यासाठी मोठी शिकवण आहे. जी वस्तू एरवी हलाल, तीच वचन दिलेल्या माणसासाठी वर्ज्य होते.

या देशाचे नागरिक म्हणून आपणही एका करारात राहतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी घातली आहे. चिंकारा आणि काळवीट ही आपल्या भागातली हरणे त्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांच्या शिकारीला किमान तीन आणि कमाल सात वर्षांचा कारावास व किमान २५ हजार रुपये दंड आहे. कायद्याच्या व्याख्येत ठार मारणेच नव्हे, तर हाकणे, फास लावणे, पकडणे आणि तसा प्रयत्न करणे हीदेखील शिकारच आहे. मोमिनाने स्वतःला अपमानित होऊ देऊ नये, अशी हदीस आहे. किलोभर मांसासाठी आईला पोलीस ठाण्याच्या पायऱ्यांवर आणि बापाला वकिलाच्या दारात उभे करणे, हा अपमान नव्हे तर काय? आणि एका मुलाच्या कृत्याचा ठपका पुढे साऱ्या वस्तीवर येतो, हे आपण सर्वजण जाणतो.

काही जण म्हणतील, हा माणसांनी केलेला कायदा आहे. परंतु ठराविक क्षेत्रात शिकारीला मनाई ही कल्पना आपल्याला परकी नाही. प्रेषितांनी (स.) मदीनेचा परिसर हरम घोषित केला. मदीनेत हरणे चरताना दिसली तरी आपण त्यांना घाबरविणार नाही, असे हजरत अबू हुरैरा (रजि.) सांगत असत. मारणे तर दूरच, घाबरविणेसुद्धा नाही. हरमचा हुकूम वेगळा आणि पवित्र आहे, त्याची बरोबरी कशाशीही होऊ शकत नाही. तरीही १९८६ साली घोषित झालेले गौताळा औट्रमघाट अभयारण्य कन्नड तालुक्यात आपल्या शेजारी आहे. तेथे चरणाऱ्या हरणाकडे पाहताना हा अदब आठवायला हरकत नाही.

शेतकरी बांधवांची वेदना मी जाणतो. मक्याचे उभे पीक रात्रीतून रानडुकरांनी लोळविले किंवा रोह्यांच्या कळपाने तुडविले, तर डोळ्यांत पाणी येते. पण त्यासाठी मार्ग आहेत. वनविभागाकडे पीकनुकसानीच्या भरपाईचा अर्ज करता येतो. रोही व रानडुकरांच्या उपद्रवाबाबत वनअधिकाऱ्यांकडे ठरलेल्या पद्धतीने परवानगी मागता येते. हे अर्ज लिहून देणे, हेदेखील शिकलेल्या मुलांसाठी पुण्याचे काम आहे.

हाताच्या टप्प्यातील परीक्षा

याच सूरहच्या ९४ व्या आयतीचा आशय असा, की तुमचे हात आणि भाले पोहोचतील एवढ्या जवळ शिकार आणून अल्लाह तुमची परीक्षा घेईल, जेणेकरून न पाहता त्याचे भय कोण बाळगतो हे उघड व्हावे. भाष्यकार सांगतात, की हुदैबियाच्या वर्षी, हिजरी ६ मध्ये, सहाबा (रजि.) एहराममध्ये असताना रानातील जनावरे त्यांच्या तळाभोवती येत असत. हात लांबविला की हाती लागतील इतकी जवळ. कुणी हात लांबविला नाही.

त्याच सफरीत हजरत अबू कतादा (रजि.) एहराममध्ये नव्हते. त्यांना रानगाढव दिसले. घाईत चाबूक राहून गेला, म्हणून त्यांनी सोबत्यांकडे तो मागितला. सोबत्यांनी, एहराममध्ये असल्यामुळे, नुसता चाबूक उचलून देण्यासही नकार दिला. नंतर प्रेषितांनी (स.) विचारले ते हेच, की तुमच्यापैकी कुणी त्याला सांगितले होते का, किंवा शिकारीकडे इशारा केला होता का? नाही म्हटल्यावरच उरलेले मांस खाण्यास अनुमती मिळाली. जो मुलगा म्हणतो, ‘मी मारले नाही, मी फक्त बॅटरी धरली, मी फक्त गाडी चालविली,’ त्याने हा प्रश्न स्वतःला विचारावा.

प्रिय तरुण वाचका, रात्री बॅटरीच्या झोतात हरीण जागीच खिळते. त्याचे डोळे चमकतात. आसपास वनरक्षक नाही, गावातले कुणी नाही. तू असा समज करून घेऊ नकोस, की ते हरीण तुझ्या तावडीत आले आहे. त्या घटकेला परीक्षेत तू उभा आहेस.

वडीलधाऱ्यांचे काम

नुसते ‘जाऊ नकोस’ म्हणून मुले थांबत नाहीत. रानाची ओढ, माग काढण्याचे कौतुक, रात्रीची हिंमत या अल्लाहनेच दिलेल्या शक्ती आहेत. त्यांना वाट हवी. मुलाला दिवसा रानात न्या. चिंकारा आणि काळवीट यांतील फरक, खुरांचे ठसे, पाणवठ्याच्या वाटा दाखवा. वैशाखातील बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनविभाग राज्यातील अनेक अभयारण्यांत पाणवठ्यावर प्राणिगणना करतो. त्यात नाव नोंदवून मुलगा एक रात्र मचाणावर गप्प बसला, तर शिकाऱ्याला लागणारा सारा धीर तो शिकेल, आणि सकाळी रिकाम्या हातांनी समाधानाने घरी येईल. फास दिसला किंवा जखमी जनावर आढळले, तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळविण्याची सवय त्याला लावा.

इमाम मालिक (रह.) यांच्या मुवत्तामध्ये एक प्रसंग आहे. प्रेषित (स.) एहराममध्ये मक्केकडे निघाले होते. वाटेत सावलीत एक हरीण अंग मुडपून पडले होते, त्याच्या अंगात बाण रुतलेला होता. प्रेषितांनी (स.) एका माणसाला त्याच्याजवळ उभे राहण्याची आज्ञा दिली, जेणेकरून सारा काफिला पुढे जाईपर्यंत कुणी त्याला त्रास देऊ नये.

काफिला पुढे चालला आहे आणि एक माणूस एका जखमी हरणाच्या पहाऱ्यावर थांबला आहे. हे काम त्याला अल्लाहच्या प्रेषितांनी (स.) दिले होते. आपल्या मुलांनाही असे एखादे काम देणारे कुणी हवे आहे.

अल्लाह आपल्या मुलांना एकांतात त्याचे भय आणि दुबळ्या जिवांविषयी दया देवो, आणि त्यांना शिकविण्याची सद्बुद्धी आपणा सर्वांना देवो. आमीन.