मानस, मीठ आणि मासळीची हद्द

एखादा प्रदेश मोठ्या राजकीय संघातून बाहेर पडला, की पाण्यावर नवी रेघ ओढली जाते आणि मासा कोणी धरायचा व धरलेला मासा कोठे विकायचा या दोन्ही गोष्टी त्या एकाच रेघेने ठरू लागतात. पहिला प्रश्न सार्वभौमत्वाचा, म्हणजे स्वतःच्या हद्दीत अंतिम सत्ता कोणाची याचा, समजला जातो आणि त्यावर सभा गाजतात. दुसरा जकातीचा आणि दाखल्यांचा म्हणून कारकुनांवर सोपवला जातो. ही विभागणी मुळातच सदोष आहे, आणि तिची किंमत बहुतेक वेळा लहान मच्छीमार मोजतो, हे समजून घेण्यासाठी गोव्याच्या उत्तर टोकाच्या पेडणे तालुक्याचा इतिहास फार उपयोगी पडतो, कारण या तालुक्याने गेल्या अडीच शतकांत अशी रेघ अनेकदा ओढली जाताना, पुसली जाताना आणि पुन्हा ओढली जाताना पाहिली आहे.

हक्क आणि जबाबदारी एकत्र कशी बांधता येते याचा नमुना पेडण्यातल्या कोरगावसारख्या गावाच्या खाजनशेतीत आढळतो. खाजन म्हणजे भरतीच्या खाऱ्या पाण्यापासून मातीचे बांध घालून राखलेली सखल जमीन, जिच्यात खारेपणा सोसणारे कोरगुट भात पिकते. बांधात ठरावीक जागी मानस, म्हणजे पाण्याच्या वाटेवरचे झडपांचे दार, असते. तिच्या लाकडी झडपा भरतीच्या दाबाने मिटतात व ओहोटीला उघडतात, आणि आतले पाणी बाहेर पडू लागले, की त्या मुखाशी लावलेल्या जाळ्यात शेवटे, कोळंबी, कुर्ल्या सापडतात. या मासेमारीचा हक्क कोणा एकाच्या मालकीचा नसतो; त्याची ठरावीक मुदतीसाठी पावणी, म्हणजे जाहीर बोली, होते आणि ते उत्पन्न बांधांच्या डागडुजीला लागावे अशी मूळ योजना आहे. पावणी घेणाऱ्याने अधिक मासळीच्या लोभाने झडपा अवेळी उघड्या ठेवल्या, तर खारे पाणी शेतात शिरते, भाताचा वाफा कायमचे तळे बनतो, आणि गोव्यात अनेक ठिकाणी तसे झालेही आहे. मासेमारीचा हक्क हा माशावरचा नव्हे तर एका करारातला हक्क आहे, ही गोष्ट खाजनाच्या व्यवस्थेने कोणत्याही आंतरराष्ट्रीय कायद्याच्या कितीतरी आधी ओळखली होती.

पेडणे हा सावंतवाडीकर भोसल्यांच्या अमलाखालचा प्रदेश होता. १७८८ मध्ये तो पोर्तुगिजांकडे गेला आणि 'नव्या काबिजादी'त, म्हणजे पोर्तुगिजांनी नंतर मिळवलेल्या मुलखात, मोडू लागला. तेरेखोल नदीच्या उत्तर काठावरचा किल्ला त्याआधीच, १७४६ मध्ये, पोर्तुगिजांनी घेतला होता, त्यामुळे नदी ही सीमा असूनही तिच्या पलीकडे गोव्याचा एक तुकडा राहिला, तो आजही आहे. दोन्ही काठांची भाषा, सोयरिकी आणि आठवड्याचे बाजार मात्र पूर्वीप्रमाणेच एकमेकांत गुंतलेले राहिले.

या सीमेवरचा सर्वांत बोधप्रद प्रयोग म्हणजे ब्रिटन व पोर्तुगाल यांचा १८७८ चा करार, जो १८८० मध्ये अमलात आला आणि बारा वर्षांनी, १८९२ मध्ये, संपुष्टात आला. त्याने ब्रिटिश हिंदुस्थान व पोर्तुगीज मुलूख यांच्यात जकात संघ, म्हणजे आपसातल्या जकाती उठवून बाहेरच्या मालावर समान दर लावणारी व्यवस्था, निर्माण केली. सीमेवरच्या जकात चौक्या उठल्या, गोव्याच्या नारळ-सुपारीला मोठा बाजार खुला झाला, मुरगावपासून घाटापर्यंतच्या रेल्वेचा मार्ग मोकळा झाला. त्याच्या बदल्यात गोव्याच्या मिठाचे उत्पादन व विक्री ब्रिटिशांच्या नियंत्रणाखाली गेली आणि पोर्तुगीज सरकारला वर्षाला चार लाख रुपये भरपाई मिळू लागली. ब्रिटिश हिंदुस्थानात मिठावर जबर कर होता. करमुक्त गोवेकरी मीठ तेथे झिरपू नये म्हणून कित्येक मिठागरे बंद पाडली गेली आणि उरलेल्या मिठाची किंमत चढली. बर्फ नसलेल्या त्या काळात मासळीचा व्यापार मिठावरच उभा होता. बांगडा व तारली पावसाळ्याच्या बेगमीसाठी किंवा घाटावर पाठवण्यासाठी टिकवायची, तर ती खारवूनच टिके. म्हणून बाजार खुला झाला तरी त्या बाजारात नेण्याजोगा माल तयार करण्याचे साधन महाग झाले, आणि भरपाईचे चार लाख पणजीच्या तिजोरीत गेले, आगरात राबणाऱ्याच्या किंवा किनाऱ्यावर मासळी सुकवणाऱ्या बाईच्या पदरात नव्हे. १८९२ मध्ये करार संपला तेव्हा मीठ परत हाती आले, पण चौक्याही परत आल्या. जकात संघात शिरताना आणि त्यातून बाहेर पडताना साधन व बाजार यांपैकी एकच वस्तू गोव्याच्या हाती राहिली. दोन्ही एकत्र मागण्याचा विचार वाटाघाटीच्या मेजावर कोणी केला नाही, कारण ज्यांचे पोट त्यावर होते त्यांना त्या मेजापाशी जागाच नव्हती.

पुढे १९५१ मध्ये पोर्तुगालने घटनादुरुस्ती करून गोव्याला 'सागरापलीकडचा प्रांत' म्हटले. १९५५ च्या १५ ऑगस्टला पेडण्यातल्या पत्रादेवीसह सीमेवर गोवामुक्तीसाठी आलेल्या सत्याग्रहींवर गोळीबार झाल्यानंतर भारताने आर्थिक निर्बंध कडक केले, सीमा बंद झाली आणि गोव्यात पाकिस्तानातून तांदूळ, सिलोनमधून चहा, हॉलंडमधून बटाटे येऊ लागले. मुक्तिलढ्याच्या दृष्टीने ही नाकेबंदी समर्थनीयच होती. तरीही तिचा भार पेडण्याच्या काठावरच्या माणसाने उचलला, हे नोंदवले पाहिजे, कारण त्याचा रोजचा बाजार एका नदीच्या रुंदीपलीकडे होता. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि ती आंतरराष्ट्रीय सीमा मिटली.

सीमा मिटली, पण हद्द राहिली. भारतीय संविधानाने प्रादेशिक समुद्रातली, म्हणजे आज किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतची, मासेमारी राज्यांकडे आणि त्यापलीकडची केंद्राकडे सोपवली आहे. त्यानुसार गोव्याचा सागरी मासेमारी कायदा १९८० चा, तर महाराष्ट्राचा १९८१ चा. गोव्याला किनारा थोडा आणि यांत्रिक नौका पुष्कळ, त्यामुळे ट्रॉलर व पर्ससीन नौका उत्तरेला सिंधुदुर्गातल्या वेंगुर्ले-मालवणच्या समोर जातात. तिथल्या रापणकराला, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढणाऱ्या मच्छीमाराला, आपल्या पुढ्यातली मासळी ओढून नेली जात असल्याचे दिसते, आणि नौका अडवणे, दंड, हाणामारी यांचे चक्र सुरू होते. त्याच सिंधुदुर्गाची मासळी मात्र विक्रीसाठी गोव्याच्या बाजारावर विसंबून असते. २०१८ मध्ये बाहेरून येणाऱ्या मासळीत फॉर्मलिन, म्हणजे मृतदेह टिकवण्यासाठी वापरले जाणारे रसायन, असल्याचा संशय निर्माण झाला. गोवा सरकारने जुलैत आयात थांबवली आणि नोव्हेंबरात अन्न व औषध प्रशासनाकडील नोंदणी व उष्णतारोधक वाहने यांची अट घातली. सिंधुदुर्ग व कारवारकडच्या गाड्या पत्रादेवी आणि पोळे येथील नाक्यांवरून परत फिरल्या. लोकांच्या आरोग्याची काळजी रास्त होती, पण दूरच्या राज्यातून येणारा मोठा ट्रक आणि पहाटे धरलेले बांगडे दोन तासांत म्हापशाला पोहोचवणारा टेंपो यांना एकच माप लावले गेले. संविधानाचे अनुच्छेद ३०१ देशभर व्यापार मुक्त असल्याचे सांगते आणि ३०४ लोकहितासाठी वाजवी निर्बंधांना वाव देते. कोणता निर्बंध वाजवी, हे नाक्यावर उभ्या असलेल्या टेंपोतला बर्फ वितळण्याआधी ठरत नाही, ही त्यातली खरी अडचण आहे.

ब्रिटनचा युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा अनुभव हा मासेमारीचा हक्क आणि बाजार वेगळे करता येत नाहीत, याच सूत्राचा मोठ्या प्रमाणावरचा पुरावा आहे. ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन बाहेर पडले. आपले पाणी आपल्या ताब्यात, ही घोषणा बाहेर पडण्याच्या मोहिमेच्या अग्रभागी होती. युरोपीय संघाशी झालेल्या करारात युरोपीय नौकांच्या ब्रिटिश पाण्यातील वाट्यापैकी मूल्याने २५ टक्के हिस्सा टप्प्याटप्प्याने ब्रिटनकडे आला. पण ब्रिटिश मच्छीमारांचा बराचसा माल युरोपातच विकला जातो, आणि २०२१ च्या जानेवारीत आरोग्य दाखल्यांअभावी स्कॉटलंडच्या कवचधारी जलचरांच्या गाड्या अडकल्या. काही पाण्यांतल्या जिवंत शिंपल्यांची तर निर्यातच थांबली. २०२५ मध्ये ब्रिटनने युरोपीय नौकांचा प्रवेश २०३८ पर्यंत वाढवला, तेव्हा खाद्यतपासणी सुलभ करण्याची बोलणी त्याच समझोत्यात होती. ग्रीनलंडने मात्र १९८५ मध्ये युरोपीय समुदाय सोडताना अधिक शहाणपण दाखवले. मासेमारीचा अधिकार स्वतःकडे घेऊन, परकीय नौकांना मर्यादित प्रवेश देऊन, त्याच्या मोबदल्यात पैसा आणि जकातमुक्त बाजार ही दोन्ही एकाच वेळी पदरात पाडून घेतली.

तेरेखोलच्या दोन्ही काठांवरचा प्रश्न ग्रीनलंडपेक्षा सोपा आहे, कारण येथे दोन देश नाहीत. गोवा आणि महाराष्ट्र यांच्या मत्स्य खात्यांनी घुसखोर ट्रॉलर व अडवलेले टेंपो यांची भांडणे वेगवेगळ्या बैठकांत मिटवण्याचा प्रघात सोडून एकच लेखी समझोता करावा. त्यात नदीकाठच्या आरोंदा, केरी, तेरेखोल येथील लहान होड्यांना खाडीत सामाईक परवाना असावा, घुसखोर यांत्रिक नौकांवर बंदी असावी व ती दोन्ही राज्यांनी परस्परांच्या हद्दीतही राबवावी, एका राज्याच्या प्रयोगशाळेचा तपासणी दाखला दुसऱ्याने ग्राह्य धरावा, आणि हे सारे ठरवणाऱ्या समितीत रापणकरांना, कांडाळी जाळी मारणाऱ्यांना व मासळी विकणाऱ्या बायांना अधिकाऱ्यांइकतेच मत असावे.