मैत्री आणि साक्ष

रविवारच्या मिस्साबलिदानात शांतिचिन्हाची वेळ आली की आपण हात जोडतो, डावीकडे वळतो, उजवीकडे वळतो, मागच्या बाकाकडे पाहून मान लववतो. अर्ध्या मिनिटात हा विधी आटोपतो. वेदीवरून हे दृश्य मी पंचवीसहून अधिक वर्षे पाहत आलो आहे. हल्ली ते पाहताना एक प्रश्न मनात डोकावतो. ज्यांना आपण ही शांती देतो, त्यांच्यापैकी किती जणांच्या घरातली अशांती आपल्याला ठाऊक असते?

आपला धर्मग्राम काही थंड पडलेला नाही. सणाची नोव्हेना भरते, गायनवृंदाचा सराव चालतो, पुरात आणि आजारपणात मदतीचे हात पुढे येतात, व्हॉट्सअ‍ॅपवर वाढदिवसाच्या शुभेच्छांचा पाऊस पडतो. ओळखी भरपूर आहेत. मैत्री किती आहे, हा प्रश्न वेगळा आहे. आणि त्याही आधी विचारायला हवे की ख्रिस्तसभेत मैत्रीची गरज तरी आहे का? शेजाऱ्यावर प्रेम करा, शत्रूवरही करा, अशी प्रभूची आज्ञा आहे. प्रेम सर्वांवर करता येते. मैत्री सर्वांशी होत नाही, ती निवड करते. मग वेदीपुढे सारे समान असताना मोजक्या माणसांशी जवळीक करणे हा पक्षपात ठरत नाही काय?

गुरुविद्यालयात आम्हांला जुन्या पिढीतील शिक्षक ‘विशिष्ट मैत्री’पासून सावध राहण्याचा उपदेश करीत. दोघांनी सतत बरोबर फिरू नये, जेवताना रोज त्याच शेजारी बसू नये, असा त्यांचा आग्रह असे. त्या उपदेशात तथ्य नव्हते असे मी म्हणणार नाही. मैत्रीचा कंपू होतो तेव्हा काय घडते, हे धर्मग्रामाच्या कोणत्याही समितीत बसलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. परंतु शुभवर्तमान उघडले की दिसते ते निराळेच. प्रभू येशूने हजारोंना भाकर दिली, पण विसाव्यासाठी तो बेथानीतील एका घरी जात असे आणि त्या घरातला लाजर गेला तेव्हा तो रडला. शेवटच्या भोजनाच्या वेळी त्याने शिष्यांना दास न म्हणता मित्र म्हटले. आपल्या पित्याकडून ऐकलेले सारे आपण त्यांना सांगितले आहे, असे त्याचे कारणही दिले. मैत्रीचे मर्म त्या कारणात आहे. ज्याच्यापासून काही राखून ठेवलेले नाही, तो मित्र.

ॲरिस्टॉटलने मैत्रीचे तीन प्रकार सांगितले होते: उपयोगासाठी केलेली, सुखासाठी केलेली आणि परस्परांच्या चांगुलपणावर उभी राहिलेली. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस याने तोच विचार पुढे नेऊन ईश्वरी प्रेमालाच देवाशी असलेली मैत्री म्हटले. त्याच्या शंभर वर्षे आधी इंग्लंडमधील रिव्हो मठाचा प्रमुख एल्रेड याने या विषयावर ग्रंथच लिहिला. त्याचे म्हणणे सरळ होते. प्रेम सर्वांचे देणे आहे. पण आपले अंतःकरण निर्धास्तपणे ज्याच्या हाती सोपवता येते, तोच मित्र. एवढा मोठा मठ सांभाळणारा हा माणूस मैत्रीला समूहजीवनाची वैरीण समजत नव्हता, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

हे झाले ग्रंथांतले. मैत्रीने काय करायचे असते, हे मला मात्र आपल्या ठाण्याच्याच एका जुन्या हकिकतीने शिकवले.

सन १३२१ मध्ये चार फ्रान्सिस्कन संन्यासी ठाणे बंदरात उतरले. तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा देमेत्रियस. त्यांना चीनकडे जायचे होते. त्यांच्यासोबत जॉर्डन नावाचा एक डॉमिनिकन धर्मगुरू होता. पुढे काही वर्षांतच इथे आलेल्या ओदोरिक या प्रवासी संन्याशाने नोंदवून ठेवले आहे की त्या काळी ठाण्यात ख्रिस्ती माणसांची घरे होती अवघी पंधरा, तीही नेस्टोरियन म्हणजे पूर्वेकडील सिरियाक परंपरेची. रोमच्या दृष्टीने ते पाखंडी होते. ओदोरिकची भाषाही त्यांच्याविषयी कठोर आहे. तरीही परदेशी पाहुणे उतरले ते त्यांच्यापैकीच एका घरी. आणि घराने त्यांना ठेवून घेतले.

एके दिवशी त्या घरात नवराबायकोचे भांडण झाले. नवऱ्याने बायकोला मारले. ती उठली आणि काझीकडे फिर्याद घेऊन गेली. काझीने विचारले, याला पुरावा काय? ती म्हणाली, आमच्या घरी चार फिरंगी साधू उतरले आहेत, त्यांनी पाहिले आहे, त्यांना विचारा.

पीटर सामान राखायला घरी थांबला. बाकीचे तिघे काझीपुढे गेले. त्यांची साक्ष हवी होती मारहाणीची. प्रश्न निघाले धर्माचे. वाद वाढत गेला आणि त्याचा शेवट एप्रिल महिन्यात त्या तिघांच्या मृत्यूने झाला. मागाहून पीटरलाही मारण्यात आले. सोपाऱ्याच्या बाजूला गेलेला जॉर्डन परतला तो मित्रांचे देह पाहायला. जिनोआच्या एका तरुणाच्या मदतीने त्याने ते सोपाऱ्याला नेऊन तिथल्या चर्चमध्ये पुरले.

आपण या चौघांना रक्तसाक्षी म्हणतो. ग्रीक भाषेत ‘मार्टिर’ या शब्दाचा मूळ अर्थही साक्षीदार असाच आहे. परंतु ते श्रद्धेचे साक्षीदार होण्यापूर्वी एका मार खाल्लेल्या बाईचे साक्षीदार होते, हे आपण सहसा सांगत नाही. तिचे नाव आपल्यापर्यंत आलेले नाही. पण पंधरा घरांच्या त्या एवढ्याशा समाजात तिच्याजवळ एक गोष्ट होती: ‘यांनी पाहिले आहे’ असे म्हणत बोट दाखवण्यासाठी चार माणसे होती. आज आपल्या धर्मग्रामात हजारो माणसे आहेत. आपल्यातील किती जणांना असे बोट दाखवता येईल?

इथे मला माझी चूक सांगितली पाहिजे. पूर्वीच्या एका धर्मग्रामात एक भगिनी नेमाने वाचनसेवा करीत असे. ऐन मे महिन्यात ती लांब बाह्यांचे कपडे घालून येऊ लागली. माझ्या ते लक्षात आले होते. मिस्सेनंतर सॅक्रिस्टीच्या दारात मी तिला विचारले, “घरी सगळं ठीक ना?” ती म्हणाली, “ठीक आहे, फादर.” मला पुढच्या बाप्तिस्म्याची घाई होती. ‘ठीक’ हे उत्तर मला सोयीचे होते, म्हणून मी ते मान्य केले. दीड वर्षाने प्रकरण पोलिसांत गेले. तिच्यासोबत ठाण्यात गेली ती त्याच मजल्यावर राहणारी एक केरळी परिचारिका. तिनेच जबाब दिला. ती आमच्या धर्मग्रामाची नव्हती. कल्याणच्या सिरो-मलबार धर्मप्रांताची होती. “दुसऱ्याच्या संसारात कशाला पडता?” असे तिला आपल्याच लोकांनी सुनावले. पुढे त्या भगिनीला भेटलो तेव्हा मी क्षमा मागितली. ती शांतपणे म्हणाली, “विचारलं सगळ्यांनी, फादर. थांबलं कुणी नाही.” (तिच्या अनुमतीने आणि ओळख पटणार नाही अशा बेताने हे लिहीत आहे.)

थांबणे! मैत्री आणि ओळख यांतील अंतर त्या एका शब्दात आले. विचारणे हा शिष्टाचार आहे. उत्तर खोटे वाटले तर तिथेच उभे राहणे, ही मैत्री आहे.

यावर कुणी म्हणेल, फादर, अशाने घराघरांत डोकावणे सुरू होईल. चाळीत सारे काही साऱ्यांना कळत असे आणि त्या कळण्याचा जाचही कमी नव्हता. फ्लॅटचे बंद दार ही आम्ही कष्टाने मिळवलेली शांतता आहे. हा आक्षेप मी हलका मानत नाही. उत्तर आपल्या भाषेतच आहे. मराठीत ‘बघ्या’ आणि ‘साक्षीदार’ हे दोन वेगळे शब्द आहेत. पाहतात दोघेही. बघ्या पाहून निघून जातो आणि पाहिलेले चार ठिकाणी सांगतो. साक्षीदार पाहिलेले पोटात ठेवतो, आणि ज्याचे दुःख त्याने हाक मारली की नेमक्या जागी, नेमके तेवढेच, स्वतःच्या नावानिशी सांगतो. बघ्याला त्याची किंमत मोजावी लागत नाही. साक्षीदाराला ती मोजावीच लागते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यानेही अशा हिंसेची माहिती संरक्षण अधिकाऱ्याला देण्याची मुभा कोणालाही दिली आहे, आणि सद्‌भावनेने माहिती देणाऱ्यावर त्याचे दायित्व येत नाही. कायदा शेजाऱ्याला एवढे अभय देतो. मग प्रभुभोजनाला एकत्र बसणाऱ्यांनी ‘आपल्याला काय त्याचे?’ म्हणावे काय?

दुसरी बाजूही तितकीच खरी. साक्षीदार होणे सोपे, स्वतःला साक्षीदार मिळू देणे कठीण. नोकरी गेलेला बाप डबा घेऊन रोजच्या लोकलला निघतो. मुलाच्या व्यसनाविषयी विचारले तर आई परीक्षेच्या अभ्यासाचे कारण सांगते. मदत देताना आपण उदार असतो, घेताना मात्र मानी. मी स्वतः याच दोषाचा धनी आहे. धर्मगुरूने सर्वांचे ऐकावे आणि आपले कुणाला सांगू नये, असा माझाही समज होता. आईच्या निधनानंतरच्या काही महिन्यांत एक वयोवृद्ध जोडपे मला दर गुरुवारी जेवायला बोलवी. प्रवचनाची अपेक्षा नसे. एकदा जेवता जेवता डोळ्यांत पाणी आले. काकूंनी काही न बोलता ताटात आणखी भात वाढला. त्या दिवसापासून ते दोघे माझे मित्र झाले. पुष्कळ मीठ एकत्र खाल्ल्याशिवाय माणसे एकमेकांना ओळखत नाहीत, अशा अर्थाची म्हण ॲरिस्टॉटलने नोंदवली आहे. खाल्ल्या मिठाला जागणाऱ्या आपल्या समाजाला ती परकी वाटू नये.

म्हणून नवा उपक्रम सुचवण्याचा माझा मानस नाही. आपल्या मुंबई महाधर्मप्रांतात लहान ख्रिस्ती समूह आहेतच. त्यांच्या सभेत प्रार्थना होते, सूचना होतात, चहा होतो. सभा संपल्यावर दोन घरांनी थोडे अधिक थांबावे. महिन्यातून एकदा एका घरी साधे जेवण, पाहुणचाराचा थाट नको. त्या दोनतीन घरांना एकमेकांच्या स्वयंपाकघरापर्यंत येण्याचा अधिकार असावा; आणि तिथे कळलेले तिथेच राहावे. त्यांतले एखादे घर दुसऱ्या परंपरेचे असले तर अधिक उत्तम. १९८८ मध्ये कल्याणचा सिरो-मलबार धर्मप्रांत स्थापन झाल्यापासून पूर्वेकडील सिरियाक परंपरेची आणि लॅटिन परंपरेची घरे आपल्या भागात पुन्हा शेजारी नांदत आहेत, जशी १३२१ मध्ये एकाच छपराखाली आली होती. नेस्टोरियन म्हणून ज्यांना दूर लोटले होते, त्या पूर्वेकडील ख्रिस्तसभेच्या धर्मप्रमुखांनी आणि पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९४ मध्ये ख्रिस्ताविषयीच्या समान श्रद्धेच्या घोषणेवर स्वाक्षऱ्या केल्या. विद्वानांना तिथवर पोहोचायला जवळजवळ सोळा शतके लागली. ठाण्यातल्या त्या घराने दार आधीच उघडले होते.

मित्रांना पुरल्यानंतर जॉर्डन या किनाऱ्यावर एकटा उरला. ठाण्याहून लिहिलेल्या पत्रात त्याने ते एकटेपण लपवले नाही. आपल्या बंधूंनी यावे, अशी विनवणी केली. पुढे तो कोल्लमचा बिशप नेमला गेला, पण माझ्या मनात राहतो तो ‘मला सोबत हवी’ असे मोकळेपणाने लिहिणारा जॉर्डन.

येत्या रविवारी शांतिचिन्ह देताना शेजारच्या चेहऱ्याकडे क्षणभर नीट पाहू या. मिस्सेनंतर विचारू या, ‘कसे आहात?’ आणि ‘ठीक आहे’ असे उत्तर आले, की लगेच गाडीची किल्ली काढू नये.