पाप कोणाच्या माथी?

"इतके जीव मारून रायली तू, हे पाप कोनाच्या डोक्यावर वं बाई?" शेगावातल्या एका माळकरी आजींनी मला विचारलं. आशा कार्यकर्ती म्हणून घरोघर पाणी तपासताना मी डासांच्या अळ्या झालेला त्यांचा रांजण रिकामा करत होते. आपला भाग खारपाणपट्ट्यातला. गोडं पाणी दिवसचे दिवस साठवावं लागतं, आणि त्याच पाण्यात डेंग्यू पसरवणारा एडिस डास वाढतो.

आजींचं पुढचं म्हणणं असं की, बंकटलालांच्या मळ्यात मधमाश्या उठल्या तेव्हा गजानन महाराज शांत बसून राहिले, मग आपण का सोसू नये? दासगणूंच्या पोथीतली ही कथा मलाही प्रिय आहे. पण महाराजांनी डंख स्वतःच्या अंगावर सोसले. माझ्या रांजणातल्या डासाने शेजारचं लेकरू तापलं, तर ते सोसणं माझं नसतं.

डासाच्या अळ्या मारणारी मी एकटीच नाही. चतुर या कीटकाची अळी पाण्याच्या तळाशी दबा धरून बसते. दुमडलेला खालचा ओठ झटकन पुढे फेकून ती डासाची अळी पकडते. तिला पाप लागत नाही, कारण तिच्यापुढे निवड नाही. त्याच कारणाने तिला देवाचा शिपाईही म्हणता येत नाही. बेडकाचं पिल्लू सापडलं तर ती तेही खाते. टॉक्सोऱ्हिंकायटीस तर स्वतः डासच. त्याच्या अळ्या इतर डासांच्या अळ्या खातात आणि मोठा झाल्यावर तो फुलांच्या रसावर जगतो, रक्त पीत नाही. म्हणजे डासाची सगळी जात वैरी नाही. पसायदानातही ज्ञानेश्वर दुष्टांचा नाश मागत नाहीत, त्यांचा दुष्टपणा जावा असं मागतात.

निवड आहे ती माणसाला. रांजण घट्ट झाकला तर मादी अंडीच घालू शकत नाही, आणि कोणाला मारावंही लागत नाही. त्यानंतर आठवड्याचा कोरडा दिवस, म्हणजे भांडी रिकामी करून वाळवणं. त्यानंतर चतुरासारखे शिकारी. यांगूनमध्ये घरच्या पाण्याच्या भांड्यांत चतुराच्या अळ्या सोडून एडिस कमी केल्याचा अभ्यास १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. विषारी फवारा सगळ्यांत शेवटी, कारण त्यात शिकारीही मरतात. डास आठ-दहा दिवसांत पुन्हा उभा राहतो, चतुराला मात्र वाढायला कितीतरी जास्त काळ लागतो.

माझ्या लेखी दोष अळ्या ओतून देण्यात नाही. रांजण उघडा राहिला तेव्हाच तो लागला. जीव जन्मण्याआधी घेतलेली काळजी हीच खरी अहिंसा, आणि ती रोजच्या झाकणापासून सुरू होते.