आधी मातेला अभय

गर्भसंस्काराचा विषय निघाला की प्रल्हादाचे उदाहरण हटकून दिले जाते. भागवताच्या सातव्या स्कंधातील त्या कथेचा मराठी अर्थ लिहिताना तिचा क्रम ध्यानी आला. इंद्र धरून नेत असलेल्या गर्भवती कयाधूला नारदांनी आधी सोडविले, आश्रमात आणून धीर दिला व पती परतेपर्यंत तेथे राहण्यास सांगितले. ती तेथे निर्भयपणे राहिली. श्रीगीतेच्या सोळाव्या अध्यायातही दैवी संपत्तीत पहिले स्थान अभयाचेच आहे.

आश्वलायन गृह्यसूत्रात सीमंतोन्नयनाच्या वेळी वीणावादक गातात आणि ज्या नदीकाठी वस्ती असेल तिचे नाव घेतात. आम्हां जबलपूरकरांस ते नाव नर्मदेचे. गर्भिणीचे मन प्रसन्न राहावे, हाच त्यातील भाव.

प्रसूतीनंतर मात्र सर्वांचे लक्ष बाळाकडे वळते. बाळंतीण एकटी रडते, बाळ निजले तरी तिला झोप येत नाही. घरचे म्हणतात, ‘एवढे संस्कार करूनही हे असे कसे?’ दोन आठवड्यांहून अधिक काळ असे चालले, तर तो तिचा दोष न मानता आजार असू शकेल हे जाणावे. जागतिक आरोग्य संघटनेनुसार नवप्रसूत स्त्रियांपैकी शेकडा सुमारे १३ जणींना मानसिक विकार, मुख्यतः नैराश्य, जडतो. तिला त्वरित डॉक्टरांकडे न्यावे. शासनाच्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावरही विनामूल्य साहाय्य मिळते.

तिच्या हाती पोथी देण्यापूर्वी तिच्या हातचे बाळ आपण घ्यावे व तिला निजू द्यावे. हाही संस्कारच होय.