हात कुठल्या भांड्यातला?

थंडी कशाला म्हणतात, हे जळगावच्या माणसाला विचारू नये. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या आसपास घुटमळतो. एखाद्या दिवशी तो ३८ वर उतरला, की आम्ही 'आज जरा बरं आहे' म्हणत फिरायला निघतो. तोच आकडा ऐकून पुण्याचा मावसभाऊ ओला टॉवेल डोक्यावर घेतो. पारा एकच, डोकी दोन.

जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाने १६९० सालच्या ग्रंथात लिहून ठेवलंय, की एकच पाणी एका हाताला गार आणि दुसऱ्याला गरम लागू शकतं. म्हणजे हात आधी कुठल्या भांड्यात होता, त्यावर सगळं. पाण्याचं ठीक आहे हो. पण माणसं तपासतानाही आपण तोच ओला हात पुढे करतो, हे मला लॉकसाहेबांनी नव्हे, कॅश काउंटरने शिकवलं.

आमची आजी अहिराणी बोलायची. वडिलांची मला सक्त ताकीद होती, "आजीशी काय बोलायचं ते बोल, बाहेर शुद्ध बोलायचं." मी इतका शुद्ध झालो, की बँकेत लागलो. पुढे ट्रेनिंगला पुण्यात गेलो आणि पहिल्याच दिवशी 'जळगाव'चं 'जयगाव' करून बसलो. सगळा वर्ग हसला. त्यानंतर मी 'ळ'चीच धास्ती घेतली. केळ्यांच्या जिल्ह्यातला माणूस तीन आठवडे मोसंबीवर राहिला!

पुढे धुळ्याला बदली झाली. पोळलेला माणूस इतरांना जपेल, असं तुम्हाला वाटेल. छे! सासुरवास भोगलेली सून सासू झाली, की काय करते? एक म्हातारी खिडकीशी आली. "भो, माले पैसा काढना शेतस." मला अक्षर न् अक्षर समजलं होतं. तरी मी हसलो. हुबेहूब पुण्याचं हसू. वर रांगेला ऐकू जाईल असं ओरडलो, "आजी, म-रा-ठीत बो-ला!"

ती काही बोलली नाही. अंगठा उठवला, नोटा मोजल्या आणि त्यातली पाचशेची एक परत सरकवली. जास्त गेली होती. संध्याकाळी ती माझ्याच खिशातून गेली असती. मग माझ्याइतक्याच सावकाश आणि मोठ्याने ती म्हणाली, "नी-ट मो-ज, भो!" बहुधा तिला मीच बहिरा वाटलो असेन.

त्या रात्री झोप आली नाही. ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणात, १९०७ च्या खंडात, खान्देशीला भिल्ली भाषांच्या पंगतीत बसवलंय. २०११ च्या जनगणनेतही खान्देशीची मोजणी मराठीहून वेगळी आहे. बोलणारे अठरा लाखांहून जास्त. म्हणजे आजी अशुद्ध मराठी बोलत नव्हती, शुद्ध अहिराणी बोलत होती. आणि मी आयुष्यभर तिच्याशी जरा हळू आवाजात बोललो, शेजारी ऐकतील म्हणून.

आसोद्याला १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या माझ्या खिडकीशी आल्या असत्या, तर त्यांच्यापुढेही मी शाईचं पॅड सरकवून ओरडलो असतो, "डावा अंगठा!" त्यांची बोली लेवा, अहिराणीहून वेगळी, पण 'ळ'चा 'य' तिथेही होतो. त्यांच्या निधनानंतर, १९५२ साली, अत्र्यांच्या प्रस्तावनेसह गाणी छापली गेली आणि तोच 'य' अख्ख्या महाराष्ट्राला गोड लागला. बोली पुस्तकात आली की रसाळ, काउंटरवर आली की गावंढळ! ज्या विद्यापीठातून मी बी.कॉम. झालो, त्याला २०१८ साली त्यांचं नाव मिळालं. सही न येणाऱ्या बाईच्या नावाखाली आता कुलगुरू सह्या करतात.

भांडं काही आपण निवडत नाही. जन्मतःच हात त्यात असतो. पण समोरच्याला गार की गरम ते ठरवण्याआधी आपला हात ओला आहे, एवढं आठवायला काय हरकत आहे?

परवा ती म्हातारी पुन्हा आली. मी धीर करून म्हटलं, "ये माय, कितला पैसा काढना शेतस?" तिने माझ्याकडे निरखून पाहिलं आणि मागच्या बाईला सांगितलं, "बाहेरगावना दिसस, पन शिकी ऱ्हायना."