कासवीची नजर

मराठवाड्यातल्या अनेक गावांत विहिरीत किंवा आडात कासव सोडायची रीत होती. विहीर खणून झाली, पाणी लागलं, दगडी बांधकाम पुरं झालं, की ओढ्यातून नाहीतर नदीच्या डोहातून एखादं कासव आणायचं आणि पाण्यात सोडून द्यायचं. कासव पाणी साफ राखतं, हा त्यामागचा विश्वास. तो निराधारही नव्हता. आपल्याकडचं मऊ पाठीचं कासव, ज्याला प्राणिशास्त्रात लिसेमिस पंक्टाटा म्हणतात, बेडूक, गोगलगायी, मासे, किडे, पाणवनस्पती आणि पाण्यात पडून मेलेले जीव असं जवळजवळ सगळं खातं. दुपारी ऊन सरळ पाण्यात उतरलं की ते वर यायचं, नाकपुड्या तेवढ्या पाण्याबाहेर काढायचं, आणि काठावरून वाकून पाहणाऱ्या पोरांना दिवसभराचा विषय मिळायचा. त्याला कुणी नाव ठेवत नसे, खायला घालत नसे. तरी ते घरचंच मानलं जाई.

जालना जिल्ह्याचा पाण्याचा नकाशा डोळ्यांपुढे आणला तर हा प्राणी इथे कसा टिकला असेल याचं नवल वाटतं. अंबड, घनसावंगी आणि परतूर या तालुक्यांच्या दक्षिणेला गोदावरी आहे. मधून दुधना आणि कुंडलिका जातात, उत्तरेकडे भोकरदन-जाफराबादच्या बाजूला पूर्णा. यांतली मोठी पात्रं सोडली तर बाकीचे ओढे-नाले होळीनंतर कोरडे पडतात, आणि १९७२ किंवा २०१२-१३ सारख्या वर्षी तर विहिरींचेही तळ दिसतात. पण मऊ पाठीच्या कासवाची घडण दुष्काळ ओळखूनच झाली आहे. पाणी आटू लागलं की ते चिखलात शिरतं. पोटाच्या कवचाला मागच्या बाजूनं कातडी झडपा असतात, पाय आत घेतले की त्या वर येऊन बसतात, आणि आतला जीव पुढच्या पावसाची वाट पाहत पडून राहतो. उन्हाळ्याच्या शेवटी तळ्यातला गाळ काढताना ढेकळाखाली जिवंत कासव सापडतं, ते यामुळेच.

पिल्लू सापडण्याचा काळ मात्र पावसाचा. घनसावंगी भागातल्या आमच्या पाहुण्यांच्या शेतावर मी असं एक पिल्लू जवळून पाहिलं. मृगाचा पहिला जोराचा पाऊस होऊन गेला होता. बांधाच्या कडेला ते घरातल्या धाकट्या मुलाला दिसलं आणि त्यानं टोपीत घालून आणलं. त्याच्या आजीनं घमेल्यात दोन बोटं पाणी ओतून त्यात ठेवलं. लांबी माझ्या अंगठ्याच्या दोन पेरांएवढी. पाठ मातकट हिरवी, ओल्या चामड्यासारखी. पोटावर मधोमध एक बारीक चीर, अंड्यातला बलक जिथून आत ओढला गेला त्या जागेची. नाक पुढे निघालेलं, नळीसारखं. गळ्याखालची कातडी सारखी हलत होती. हे कासव पाण्याखाली घशाच्या आतल्या अस्तरातून आणि त्वचेतूनही थोडा प्राणवायू घेतं, म्हणून ती हालचाल. प्रत्येक पायाला तीन नखं, आणि एवढ्याशा जिवाला जबडा मात्र पुरा धारदार. मुलानं बोट पुढे केलं तसं त्यानं मान झटकन लांब काढली.

“आज्जी, ठिवू का ह्याला?” मुलानं विचारलं.

“ठिव की. अन् त्याची माय कुठून आणशील?” आजी म्हणाली.

त्या संध्याकाळी पिल्लू ओढ्याच्या ओल्या गवतात परत गेलं. आजीचा प्रश्न मात्र माझ्या डोक्यातून गेला नाही, कारण या प्राण्याच्या बाबतीत तो फार खोल आहे. कासवाच्या पिल्लाला माय भेटतच नाही. मादी काठावरच्या मातीत खड्डा करते, गोल, कठीण कवचाची अंडी घालते, माती लोटते आणि निघून जाते. अंड्यातला जीव कित्येक महिने वाढ थांबवून राहू शकतो आणि बाहेरची वेळ अनुकूल झाली की पुढे सरकतो. पिल्लू माती फोडून बाहेर येतं तेव्हा आसपास त्याचं असं कुणीही नसतं.

आणि तरीही, आईच्या मायेसाठी मराठी संतांनी ज्या प्रतिमा वापरल्या त्यांत कासवी पुन्हापुन्हा येते. ती एका काठावर, पिल्लं दुसऱ्या काठावर. तिला पान्हा नाही, पंखांची ऊब नाही. ती नुसती पाहते आणि तिच्या पाहण्यावर पिल्लं पोसली जातात. जुन्या संस्कृत परंपरेत पोसण्याचे तीन प्रकार सांगितले आहेत : पक्षीण स्पर्शानं, मासोळी दृष्टीनं आणि कासवी स्मरणानं. मराठी भक्तिकाव्यानं कासवीला दृष्टी दिली. ज्ञानदेवांच्या घराण्याचं आपेगाव गोदाकाठचं, एकनाथांचं पैठण गोदाकाठचं, आणि १६०८ साली रामदास जन्मले ते जांब आज घनसावंगी तालुक्यात आहे. कासवं उन्हाला बसलेली पाहणं हा या मुलखातला रोजचा अनुभव होता. म्हणून ही प्रतिमा मला केवळ ग्रंथातून आलेली वाटत नाही.

एका नदीपुरती तरी विज्ञानानं तिला मोठी साक्ष दिली आहे. ॲमेझॉनमध्ये अर्राउ नावाचं मोठं नदीकासव आहे. पाण्याखालचे ध्वनिग्राहक लावून केलेला त्याचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. पिल्लं अंड्यात असल्यापासून आवाज काढतात, माद्या किनाऱ्याजवळच्या पाण्यात थांबतात, पिल्लं पाण्यात उतरली की आवाजाला आवाज मिळतो आणि माद्या-पिल्लं एकत्र पुढे निघतात. कासवांत मातृत्व नसतंच, हे दीर्घकाळ गृहीत धरलेलं विधान त्यामुळे ढिलं पडलं.

आपल्या ओढ्यातली कासवी असं थांबत नाही. मग तिच्या मायेला आपण कुठे शोधायचं? मला वाटतं, ती तिनं निवडलेल्या जागेत आहे. पुराची रेघ कुठवर येते, माती किती भुसभुशीत आहे, ऊन किती वेळ पडतं, पिल्लाला पाणी किती अंतरावर सापडेल, हे सगळं जणू त्या एका निवडीत आलेलं असतं. पुढचे कित्येक महिने ती जागाच आईचं काम करते. संतांच्या कासवीची नजर नदी ओलांडून पोचते, ओढ्यातल्या कासवीची नजर काळ ओलांडून पोचते. आणि म्हणूनच कासव पाळणं म्हणजे काय, याचं उत्तर घमेल्यात मिळत नाही.

विहिरीतल्या कासवाचंही मला इथे दुःख वाटतं. ज्यांनी ते सोडलं त्यांच्या मनात माया होती, पाण्याविषयी आदर होता. पण सरळ उभ्या दगडी भिंतीच्या विहिरीत अंडी घालायला वीतभर माती नसते. कासव वर्षानुवर्षं जगतं, धष्टपुष्टही राहतं, आणि त्याच्यापाशी त्याची वंशरेषा संपते. जगवणं आणि नांदू देणं यांत किती अंतर असतं, ते त्या विहिरीत दिसतं.

घरात ठेवून प्राणी कळतो, असं म्हणणाऱ्यांनी गिल्बर्ट व्हाइट या इंग्रज पाद्रीची गोष्ट आठवावी. त्याचं सेलबर्नच्या निसर्गाविषयीचं पुस्तक १७८९ साली निघालं आणि निसर्गनिरीक्षणाचा पाया मानलं गेलं. टिमथी नावाचं जमिनीवरचं कासव त्याच्या आत्याकडे होतं. ती वारल्यावर १७८० च्या मार्चमध्ये, शीतनिद्रेत असलेलं ते कासव जमिनीतून उकरून काढून त्यानं घोडागाडीतून ८० मैलांवर आपल्या बागेत आणलं. तो त्याचं वजन करी, ते कधी जमिनीत शिरतं, कधी वर येतं, याच्या नोंदी ठेवी. इतक्या जाणत्या, इतक्या प्रेमळ माणसाच्या बागेत ते कासव त्याच्या मृत्यूपर्यंत राहिलं. दोघंही गेल्यावर कवच तपासलं तेव्हा कळलं की टिमथी मादी होती. इतकी वर्षं सहवास होऊनही तिची सर्वांत मूळची गोष्ट अंगणात उघड झाली नाही.

आज आपल्या शहरांत काचेच्या टाकीतून विकलं जाणारं हिरवं पिल्लू बहुधा इथलं नसतंच. कानाजवळ लाल पट्टा असलेलं ते कासव अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. त्याच अमेरिकेनं १९७५ साली चार इंचांपेक्षा लहान कवचाच्या कासवांची विक्री बंद केली, कारण पिल्लं हाताळून, तोंडाशी नेऊन मुलांना साल्मोनेलाचा संसर्ग होत होता. दुकानातलं पिल्लू वाढून फूटभराचं होतं आणि वीस-तीस वर्षं जगू शकतं. ऊन नाही, चुना मिळत नाही, खायला भात आणि पावाचे तुकडे, यांनी कवच मऊ पडतं, डोळे सुजतात. मग कंटाळलेलं कुटुंब ते पुण्यकर्म समजून तळ्यात सोडतं, आणि तिथं ते देशी कासवांची उन्हाची जागा आणि अन्न बळकावतं.

देशी कासवाचा प्रश्न कायद्यानं सोपा केला आहे. मऊ पाठीचं कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. १९७२ च्या या कायद्यात २०२२ साली झालेली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, आणि आता अशा प्राण्याच्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षांची कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे. चांदणीसारख्या नक्षीचं जमिनीवरचं कासवही याच अनुसूचीत आलं. तरी नखं मोजून कासवाची किंमत ठरवणारे, त्याच्यावर पैशांचा पाऊस पाडण्याच्या थापा मारणारे लोक संपलेले नाहीत. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा झाल्यानंतरही नाहीत. देवळात गाभाऱ्यासमोर दगडी कासवाला आपण वाकून हात लावतो. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातलं, अवयव आत ओढून घेणारं ते संयमाचं कासव. त्याच प्राण्याला हाव पुरवण्यासाठी पोत्यात भरणं, याहून मोठा अपमान कोणता?

पण शिक्षेच्या भयानं जागा वाचत नाहीत. गोदावरीच्या ज्या वाळूत आणि काठाच्या ज्या मातीत कासवांची अंडी असतात, तिथून अंबड-घनसावंगीच्या पट्ट्यात वर्षानुवर्षं वाळू उपसली जाते आहे. गोदावरीसारख्या दख्खनी नद्यांतलं लीथचं मऊ कवचाचं मोठं कासव जगातून नाहीसं होण्याच्या काठावर आहे, आणि त्याला वाचवायचं तर वाळूपासूनच सुरुवात करावी लागेल. ओढ्याच्या कडेपर्यंत नांगर गेला की अंड्यांसकट माती उलटते. कडवंचीसारख्या गावांनी शेततळ्यांच्या बळावर द्राक्षं पिकवली, दुष्काळाला तोंड दिलं, हे या जिल्ह्याचं खरं भूषण. मात्र या तळ्यांच्या प्लास्टिकच्या गुळगुळीत उतारावरून आत गेलेल्या कासवाला वर येता येत नाही. एक जाड दोरखंडाची जाळी किंवा खरबरीत पट्टी काठावरून पाण्यात सोडली, की वाट होते. खर्च किरकोळ, आणि तळ्यात घसरलेल्या माणसालाही तिचाच आधार.

हे माणसांना जमतं, याचा पुरावा रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला आहे. समुद्रकासवांची अंडी जिथे चोरली जात, तिथे सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं गावकऱ्यांना सोबत घेऊन दोन दशकांपूर्वी राखण सुरू केली. अंडी कुंपणात जपतात, पिल्लं निघाली की वाळूवर सोडतात, ती स्वतःच्या पायांनी लाटेत जातात. एकही पिल्लू कुणाच्या घरी जात नाही, आणि तरी त्या गावाइतकं कासवांशी घरोब्याचं नातं क्वचित कुठे दिसेल.

घमेल्यापाशी बसलेल्या मुलाची ओढ मला अतिशय मोलाची वाटते. ती दडपून टाकू नये, तिला काम द्यावं. आपल्या ओढ्यात उन्हाला किती कासवं बसतात, ते त्यानं मोजावं. पावसाळ्याच्या तोंडावर रस्त्यावर आलेलं पिल्लू जवळच्या ओल्या काठावर नेऊन ठेवावं. जखमी दिसलं तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा. बापाला सांगून ओढ्याकडेची चार हात पट्टी बिननांगरलेली ठेववावी. अशी पट्टी राखणाऱ्या शेतात कासवी अंडी घालायला आली, तर त्या घरानं कासव पाळलं असं खुशाल म्हणावं.