रांगेबाहेरचा माणूस

न्याय हा मनाचा गुण आहे असे आपण सहसा धरून चालतो. अधिकारी सज्जन असला तर न्याय होतो, दुष्ट असला तर अन्याय. परंतु सर्व माणसे सज्जन असूनही निव्वळ मांडणीमुळे अन्याय घडू शकतो. ही गोष्ट आज संगणकशास्त्राच्या पदवीवर्गात शिकवली जाते. मात्र तिला तेथे कोणी नीतीचा पाठ म्हणत नाही.

समजा, कारकुनाच्या टेबलावर अर्ज येत आहेत. नवा अर्ज जुन्यावर ठेवला आणि वरचाच आधी उचलला, तर सर्वांत आधी आलेला माणूस तळाशी राहतो. विद्यार्थी या रचनेला स्टॅक म्हणतात. आपण चवड म्हणू. तिचेही उपयोग आहेत. लिहिलेले एकेक पाऊल मागे घ्यायचे तर शेवटचे पाऊलच आधी उलटवावे लागते. पण माणसांच्या अर्जांना रांगच हवी. तिला ते क्यू म्हणतात. कारकून तोच, अर्ज तेच, आणि तरीही निकाल वेगळा.

रांग लावली म्हणून प्रश्न मिटला काय? रांगेत उभे कोणी राहायचे, हे आधी ठरलेले असते. अभ्यासक्रमाचा दुसरा भाग या ठरवण्याचा आहे. तेथे प्रथम क्लास, म्हणजे वर्ग, लिहितात: या वर्गातील वस्तूची कोणती माहिती ठेवायची आणि तिच्याकडून कोणती कामे व्हायची, याचा साचा. मग त्या साच्यातून एकेक वस्तू घडते. साच्यात ज्याला जागा नाही, ते प्रोग्रॅमच्या जगात अस्तित्वातच नसते.

पैठण तालुक्यातील पाचोड मोसंबीच्या बाजारासाठी ओळखले जाते. तेथल्या एखाद्या विद्यार्थ्याला 'शेतकरी' हा वर्ग लिहायला सांगितला, तर तो काय लिहील? नाव, गाव, गट क्रमांक, क्षेत्र. यादी सहज सुचणारी आहे. पण तिने बटाईने जमीन कसणारा शेजारी वगळला, सालगडी वगळला, आणि सातबाऱ्यावर नाव नसेल तर भर उन्हाळ्यात मोसंबीची बाग जगवणारी त्याची आईही वगळली.

ही भीती काल्पनिक नाही. २००७ च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणाने शेतकरी या शब्दात कुळे, वाटेकरी आणि शेतमजूर यांनाही सामावून घेतले होते. २०१९ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान किसान सन्मान निधीने वर्षाला ६,००० रुपये देताना जमिनीच्या मालकीची नोंद हा आधार मानला. शब्द एकच; पण एका व्याख्येत बटाईदार शेतकरी ठरतो, दुसरीत ठरत नाही.

कोणी म्हणेल, व्याख्येवाचून कारभार चालायचा कसा? आक्षेप रास्त आहे. कुठेतरी रेघ ओढावीच लागते. परंतु ती रेघ कोणीतरी ओढलेली आहे, हे आपण विसरतो आणि तिला वस्तुस्थिती समजू लागतो. चवडीच्या तळाशी गेलेला अर्ज निदान तेथे असतो; कोणी शोधला तर सापडतो. व्याख्येने वगळलेल्या माणसाचा अर्जच कोठे नसतो.

वर्ग आणि वस्तू यांची ही कल्पना ओस्लो येथील ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगोर्ड यांनी १९६७ च्या सिम्युला या भाषेत प्रथम मांडली. याच न्यूगोर्डने पुढे १९७० नंतर नॉर्वेतील लोखंड व धातू कामगारांच्या संघटनेबरोबर काम केले. कारखान्यात येणाऱ्या संगणकांविषयी कामगारांना स्वतःचे मत बनवता यावे, त्यांचा शब्द तेथे चालावा, हा त्यामागचा हेतू होता. साचे घडवण्याची विद्या ज्याने दिली, त्याला साचा कोणी घडवावा हा प्रश्न टाळता आला नाही. त्याची ही दुसरी कामगिरी मला पहिलीइतकीच मोलाची वाटते.

पाचोडच्या परिसरातला एखादा मुलगा किंवा मुलगी उद्या अशाच एखाद्या योजनेचा वर्ग लिहील. भाषेच्या नियमांत चूक झाली, तर यंत्र तत्काळ सांगेल. आई वगळली गेली, तर यंत्र काही बोलणार नाही. तेथे लिहिणाऱ्यालाच बोलावे लागेल, आणि लिहिण्यापूर्वी बांधावर जाऊन बटाईदारालाही विचारावे लागेल.